सातव्या मजल्यावरचं सारवण

मी सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटची बाल्कनी शेणाने सारवली. भर एप्रिल महिन्यात, फरशीवर, स्वतःच्या हातांनी. मी दारू पीत नाही आणि माझं शिक्षण पदवीपर्यंत झालेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण सोसायटीत या दोन्ही गोष्टींबद्दल शंका घेतली गेली.

पण बाल्कनीपर्यंत पोचायच्या आधी धामापूरहून निघायला हवं.

शिमगा संपला आणि मी आईला न्यायला गेलो. थंडीत ती विहिरीजवळ घसरून पडली होती आणि दिवेलागणीला चुलत वहिनी दूध द्यायला आली तेव्हा कुठे कुणाला कळलं. हाड मोडलं नव्हतं. मोडलं असतं तरी ती तशीच तिथे पडून राहिली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. बाबा गेल्यापासून 'तू पुण्याला चल' हे माझं आणि 'बघूया' हे तिचं, असं चालू होतं. या वेळी ती 'बघूया' म्हणाली नाही. म्हणाली, "येतंय. पण जमाक नाय तर परत सोडूचा."

निघताना तिने खिडक्या लावल्या, तुळशीला पाणी घातलं, वहिनीला काजूच्या बियांबद्दल भरपूर सूचना दिल्या आणि गाडीत सामान भरायला सुरुवात केली. नारळ, कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ, दोन फणस आणि माडाच्या हिरांची नवीकोरी केरसुणी, जिला आम्ही वाढवण म्हणतो. मी म्हटलं, आमच्याकडे व्हॅक्युम क्लीनर आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाढवण फणसांच्या मध्ये खोचली. भगवतीच्या देवळापाशी गाडी थांबवून ती उतरली आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मी गाडीत बसून घाट किती वाजता लागेल याचा हिशेब करत होतो. बाहेर राहणाऱ्या माणसांना निघताना एवढंच सुचतं.

आम्ही राहतो ते पुण्याच्या पूर्वेला, जिथे शहर संपतं आणि खडी सुरू होते. एका बाजूला रस्ता, त्यावर डंपर. दुसऱ्या बाजूला दोन टॉवर चढताहेत. मेधा, म्हणजे माझी बायको, मूळची नगरची. धुळीशी तिचं माहेरचं नातं आहे. ती वैतागत नाही, पुसते. मी मात्र पंचवीस वर्षं वैतागतो आहे. गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला हे कळणार नाही. आपल्याकडे कचरा होता, धूळ नव्हती. फणसाची पानं, चुलीची काजळी, वाशाला लागलेलं भुंग्याचं पीठ, कोळिष्टकं. सगळं डोळ्यांना दिसणारं, नावं असलेलं, काढलं की गेलं असं. तांबडी माती होती, पण ती रस्त्याकडेच्या पानांवर बसायची आणि घरात आली तरी दमट हवेने जमिनीला चिकटून राहायची. इकडच्या धुळीला नाव नाही, गाव नाही. सकाळी टीव्ही पुसावा तर संध्याकाळी त्यावर बोटाने सही करता येते. माझ्याप्रमाणे जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. तुम्हीही आत्ता हे वाचता वाचता बोट कुठेतरी फिरवलं असेल.

आई आली आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून खोकायला लागली. डॉक्टर म्हणाले, छातीत काही नाही, पण धूळ टाळा. खोकला असाच राहिला तर त्यांना गावाकडेच बरं वाटेल. ते सहज बोलले. मला डोळ्यांसमोर विहीर दिसली. म्हणजे आई राहणार की जाणार, हे आता धुळीवर होतं, आणि धूळ आमच्या घरात घरच्यासारखी राहत होती.

मी कामाला लागलो. घरून काम करतो, त्यामुळे उपद्रव करायला वेळ मिळतो. पहिल्यांदा सगळ्या खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी लावली आणि जाड पडदे आणले. घर असं बंद झालं की आई विचारायला लागली, बाहेर दिवस आहे का. जाड पडद्यांत धूळ अशी मुरली की एकदा मी पडदा झटकून सरकवला आणि समोरची भिंत दिसेनाशी झाली. मेधाने पडदे काढून धुवायला टाकले, त्यांच्या जागी साध्या सुती साड्या अडकवल्या आणि सांगितलं की या दर आठवड्याला मशीनमध्ये जातील. खिडक्या पहाटे उघडायच्या, डंपर सुरू झाले की रस्त्याकडच्या लावायच्या. तिचं सगळं असंच होतं, सोपं. त्यामुळे ते मला पटत नव्हतं.

मला आठवण झाली आमच्या सारवलेल्या ओटीची. शेणाने सारवलेल्या जमिनीवर धूळ उडत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलो. बाल्कनीतून धूळ येते, तर बाल्कनी सारवावी. जवळच्या वाडीत अजून एक गोठा शिल्लक आहे. तिथून बादली भरून आणली. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ होते. त्यांनी दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि तिथेच उतरले.

आई दुपारी झोपली होती. मी गुडघे टेकून, बोटांची नक्षी उमटवत अख्खी बाल्कनी सारवली. हिरवीगार झाली. मला भरून आलं. उठल्यावर तिने बघितलं, खालची गुळगुळीत फरशी बघितली आणि एवढंच विचारलं की हे कशाला धरून राहणार. मातीत शेण मुरतं, फरशीत काय मुरणार. तेव्हा मला ते निराशावादी वाटलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात सारवण पापडासारखं सुटलं, त्याचे कोपरे वर वळले, आणि चार वाजता वारा आला. वर्षभरात रस्त्यावरून आली नसेल एवढी धूळ त्या एका तासात मी स्वतः तयार केली होती, तीही शेणाची. ती आमच्या सोफ्यावर आली आणि सहाव्या मजल्यावर वाळत घातलेल्या शाळेच्या पांढऱ्या गणवेशांवर गेली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझं नाव न घेता माझ्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. आई दोन दिवस खोकत राहिली.

त्यानंतर घराचा कारभार मेधाकडे गेला. दाराबाहेर एक पायपुसणं, दाराआत दुसरं. चपला बाहेर. शोकेसमधल्या शिंपल्या, लाकडी होड्या आणि मी प्रत्येक सुट्टीत आणलेलं कोकणपण खोक्यात भरून माळ्यावर गेलं. पुसायचं ते ओल्या फडक्याने आणि वरून खाली. पंख्याच्या पात्याला जुना अभ्रा घालायचा आणि ओढून घ्यायचा, धूळ अभ्र्यातच राहते. हे मला आवडलं. मी त्यासाठी दर दोन दिवसांनी स्टुलावर चढायला लागलो. एसीची जाळी धुण्याचं कामही माझ्याकडे आलं आणि व्हॅक्युम क्लीनर तर माझाच.

सकाळी मेधा शाळेत शिकवायला जाते, मुलगी कॉलेजला. दोघींच्या जाण्याची घाई म्हणजे धुळीचा मोठा उठाव. चादरी झटकल्या जातात, दार उघडं राहतं, ओढण्या फिरतात. माझी ऑफिसची मीटिंग त्यानंतर लगेच असते. म्हणून मी युक्ती काढली. दोघी लिफ्टमध्ये शिरल्या की दार लावायचं, आणि लिफ्ट खाली पोचायच्या आत व्हॅक्युम सुरू. आई त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. एक-दोनदा ती काहीतरी म्हणाली, पण त्या घरघरीत मला ऐकू आलं नाही. मग ती देवघराकडे तोंड करून उभी राहायला लागली. मला वाटलं, तिला आवाज सहन होत नाही. मी कानात घालायचे बोळे आणून दिले.

आणि धूळ हटली. खरंच हटली. टीव्हीवर सही करता येईना. खोकला दिवसातून एखाद्या वेळेवर आला. मी मनातल्या मनात वहिनीला फोन करून आई इथेच राहणार असं सांगूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात आईने मला मालवणच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं.

मी हादरलो. तिला हाताला धरून फिरवलं, टेबल दाखवलं, पंखा दाखवला, सोफ्याखाली वाकून हात फिरवून तो तिच्यापुढे धरला. धूळ कुठे आहे, दाखव मला, असं मी जवळजवळ ओरडलोच. ती माझ्या स्वच्छ हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माणूस घरातसून भायर पडला काय तू पाठसून केर काढतस. आमच्याकडे मढा गेल्यावर केर काढतत. रोज सकाळी सुनेच्या आणि नातीच्या पाठी मी ता कसा बघू?"

मी सोफ्यावर बसलो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्या प्रत्येक घरात हे माहीत असतं. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. मी एवढ्या वर्षांत ते विसरलो कसा, हे मला सांगता येणार नाही. बहुधा मी नेहमी जाणारा होतो. केर मागे राहणाऱ्यांनी काढायचा असतो.

ती पुढे हळूच म्हणाली, "तू पयल्यांदा पुण्याक गेलंस, तेव्हा तुझो फोन येयसर मी वाढवण हातात घेवक नाय."

फोन तेव्हा नाक्यावरच्या दुकानात यायचा आणि दुकानदाराचा माणूस सांगत यायचा. मी तो केव्हा केला ते मला आठवत नाही. तिला आठवत होतं. आमच्या अंगणात फणसाची पानं पडत राहिली असतील आणि ती ओटीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिली असेल. मी मात्र इकडे कॉट बेसिसच्या खोलीत, पहिल्याच रात्री, उशीवर धूळ आहे म्हणून वैतागत होतो.

तिकीट काढलं नाही. गणपतीला सगळेच जाऊ, तोपर्यंत राहते, असं ती म्हणाली. अट एकच. आता रोज सकाळी मी व्हॅक्युमची नळी हातात धरून उभा असतो आणि फोनकडे बघत असतो. मुलगी कॉलेजात पोचली की अंगठा पाठवते. मेधा चौकात अडकते, मग गेटवर कुणीतरी भेटतं, मग तिला मेसेज करायची आठवण राहत नाही. तिकडे डंपर सुरू झालेले असतात. धूळ माझ्यादेखत टेबलावर उतरत असते आणि मी काही करू शकत नाही. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, तुमचं लक्ष कुठे आहे. मी म्हटलं, बायको अजून पोचली नाही. त्यांनी सहानुभूतीने मीटिंग पुढे ढकलली.

धामापूरच्या घराला कुलूप आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून तेच सांगतो. पण तिथून निघालो तर पोचल्याचं कळवायला तिथे आता कुणी नाही. ते माणूस आमच्या हॉलमध्ये बसून कुळीथ निवडतं. म्हणजे घरही बहुधा इकडे सरकलं असावं, खडीच्या शेजारी, सातव्या मजल्यावर. हे मी मेधाला जरा हळवं होऊन बोलून दाखवलं. ती म्हणाली, एसीची जाळी धुवायची राहिली आहे.

आता दारही सकाळी थोडा वेळ उघडं असतं, कारण समोरच्या सोलापूरच्या काकू आईकडे बसायला येतात. काल त्या आल्या तेव्हा मी पंख्याच्या पात्यावर अभ्रा चढवून स्टुलावर उभा होतो, एका डोळ्याने फोन बघत, आणि त्यांच्या चपलांना किती माती आहे हे दुसऱ्याने. काकूंनी आपुलकीने विचारलं, आता धुळीचा त्रास कमी आहे ना?

आईने सुपातली डाळ पाखडायची थांबवली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"धुळीचो कसलो तरास गो बाय," ती म्हणाली. "ती बापडी गप पडान आसता. तरास सगळो ह्येचो."