एंट्रॉपी सारखी म्हणून
जव्हारच्या कॉलेजात मी एमएस्सीला गणित शिकवतो. त्या वर्षी वर्गात चौघेच होते आणि प्रश्न विचारणारी एकच, पोशेऱ्याहून एसटीने येणारी मुलगी.

शिफ्ट स्पेस चालू होतं. चारही दिशांना न संपणारा चौकटींचा कागद घ्यायचा, चौकोनांत रंग भरायचे, कोणता रंग कोणाशेजारी चालेल ते ठरवायचं. नियम पाळणाऱ्या सगळ्या मांडण्या मिळून एक स्पेस. एका स्पेसमधली प्रत्येक मांडणी, जवळपासचे चौकोन बघत आणि सगळीकडे एकच नियम लावत, दुसऱ्या स्पेसमधल्या मांडणीत बदलता आली, आणि तशीच परत आणता आली, तर त्या दोन स्पेस संयुग्मी.

तिने विचारलं, "सर, संयुग्मी आहेत हे ओळखायचं कसं?"

मला नीट माहीत नव्हतं. बघून सांगतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जामसरच्या शेतातून येऊन मी 'सर' झालो होतो. ते तोंडातून निघेना. म्हणालो, "एंट्रॉपी काढायची, म्हणजे मांडण्या किती वेगाने वाढतात ते. सारखी आली की संयुग्मी."

तिने ते वहीत चौकट करून लिहिलं.

पुढे मुंबईला पीएचडीच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारलं. तिने माझं वाक्य सांगितलं. परीक्षक हसले. निवड झाली नाही.

परतल्यावर ती स्टाफरूममध्ये आली. सगळे चहा घेत होते. "सर, तुम्हीच असं सांगितलं होतं ना?"

"मी असं कसं सांगेन? तूच चुकीचं ऐकलं असशील."

वही तिच्या हातातच होती. तिने ती उघडली नाही. "असेल, सर," म्हणाली आणि गेली.

रविवारी मी पोशेऱ्याला गेलो. ती आईबरोबर अंगणात नाचणी पाखडत होती. "सर आले," म्हणत वडिलांनी लगबगीने खुर्ची आणली. त्या खुर्चीवर मला बसवेना. उभ्यानेच म्हणालो, "चूक माझी होती. तू बरोबर ऐकलं होतंस."

"माहितीय, सर. मुंबईहून येताना एसटीतच उदाहरण सापडलं. एका स्पेसमध्ये काळा-पांढरा, कसेही. दुसरीत तेच, शिवाय लाल. पण लालशेजारी फक्त लाल. एंट्रॉपी तीच. पण सगळा कागद एकाच रंगाचा, अशा मांडण्या पहिलीत दोन, दुसरीत तीन. एकरंगीची एकरंगीच होणार, मग जोड्या कशा लागणार?"

"मग वही का नाही दाखवलीस?"

"सगळे बसले होते ना, सर."

सोमवारी स्टाफरूममध्ये मी खरं काय ते सांगितलं. एकजण "होतं असं" म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

पुढच्या वर्षी तिला पुण्यात प्रवेश मिळाला. शिफारसपत्र तिने दुसऱ्या सरांकडून घेतलं. मीही स्वतःहून देऊ केलं नव्हतं.