उलटी चिकटवलेली नळी

ओहोटीच्या दुपारी कळव्याच्या खाडीचा खारट, चिखलट वास कॉलेजच्या खिडक्यांतून आत शिरला की मला कच्छमधला तो दगड आठवतो, आणि पाठोपाठ वैशालीचा राग येतो. ठाण्यात ती मानपाड्याची, मी वर्तकनगरची, पण वर्ग एकच. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षी सहलीत एका कोरड्या ओढ्यात मला तो सापडला. रोट्युलेरिया : समुद्रतळाशी स्वतःभोवती चुन्याची नळी बांधून तीत आयुष्य काढणारा, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला किडा. लहानशा चकलीसारखी त्याची वेटोळी नळी तेवढी दगडात उरली होती.

परतीच्या प्रवासात वेटोळ्यातून बाहेर आलेलं नळीचं टोक तुटलं. तुटक्या नमुन्याचे गुण कापले जात. म्हणून मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर श्वास रोखून चिकटवलं, जोडात त्याच दगडाची पूड भरली आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

पुढे मी शिकवू लागले, वैशाली संशोधनात रमली. एका संध्याकाळी ती घरी आली, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि दगड रुमालात गुंडाळत म्हणाली, “अगं, तुझ्याकडे नुसता पडून राहणार. मी लिहिते, नाव दोघींचं लावू.”

गेल्या महिन्यात त्या दगडावरचा तिचा शोधनिबंध वाचला. नवी प्रजाती, आणि नाव एकटीचं. आभारांत प्रयोगशाळेच्या शिपायाचाही उल्लेख होता, माझा नव्हता. बहिणीसारखी मानलेल्या मैत्रिणीने असं पुसून टाकावं, याने मला रडूच कोसळलं. मग चित्राखालचा मजकूर दिसला : नळीचं तोंड खाली, तळाकडे वळलेलं, हेच या प्रजातीचं वैशिष्ट्य. वैशिष्ट्य कसलं, मी टोक उलटं चिकटवलं होतं.

परवा तिचा फोन आला. परदेशातल्या कुणा अभ्यासकाने शंका काढली होती. आवाज तसाच लाघवी, नावाबद्दल अवाक्षर नाही.

“तो दगड तुला अख्खाच मिळालेला ना गं? तू काही जोडलेलं नाहीस ना?”

“अख्खाच मिळालेला,” मी म्हणाले. त्या क्षणी फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

मग खाडीवर गेले. पाणी उतरलं होतं. तिवरांच्या मुळांशी, उतरत्या उन्हात चकाकणाऱ्या चिखलात आजच्या किड्यांच्या बारीक नळ्या दाटीने उभ्या होत्या. वैशालीने मला फसवलं, मी तिला. पण दगडातल्या त्या मुक्या जिवाने आमचं काय घोडं मारलं होतं? मी वाकून पाहिलं. एकूण एक नळीचं तोंड आभाळाकडे होतं. हातातल्या फोनवर, आलेल्या कॉलच्या यादीत वैशालीचं नाव अजून सगळ्यात वर होतं.