सरांचं गाणं आणि विजयचा हात

चर्चचा कॉयर गाता गाता पुन्हा सुरातून खाली घसरला आणि विजयने पुन्हा हात थांबवला. संध्याकाळी सरांची शवपेटी चर्चमध्ये येणार होती आणि आम्ही सकाळपासून दोन पानांच्या एका गाण्यावर अडलो होतो.

सर म्हणजे आमचे जुने कॉयरमास्तर. विजय त्यांचा विद्यार्थी, आता त्यांच्या जागी उभा राहून हाताने लय देणारा. मी नागपूरच्या या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजवत असे. शाळा चौथीपर्यंत, नोटेशन मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकले.

गाणं युरोपातलं, तीनशे वर्षांपूर्वीचं, चार आवाजांचं. पहिलं पान नुसत्या गळ्यांवर, दुसऱ्या पानाला ऑर्गन येतो. स्वरपट्टी मायनर, म्हणजे सुरावट उदास. पण टेम्पो, म्हणजे लय, चालत्या माणसाची. उदास सूर आणि चालते पाय, एवढंच त्या गाण्यात आहे. ओढलं की संपलं.

आणि विजय ओढत होता. हळू गायलं की श्वास पुरत नाही, श्वास संपला की सूर खाली बसतो. पांढरी तीनवर सुरू झालेला कॉयर दुसऱ्या पानाला काळी दोनवर पोचायचा, अर्धा सूर खाली. तिथे मी ऑर्गन दाबला की कानाला ऐकवत नसे.

सरांची मुलगी शैला सकाळीच सांगून गेली होती. वर्षभर सर अंथरुणाला खिळून होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी रडक्या आवाजात बोलायचा आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. हे गाणं तरी रडकं नको, त्यांनी शिकवलं तसंच म्हणा, एवढंच तिचं मागणं होतं. विजय हो म्हणाला होता.

"मग काहून ओढून राहिला गा?" मी विचारलं.

"मावशी, माझा हातच उठत नाही."

"मग खिशात ठेव."

आल्टोतल्या, म्हणजे खालच्या आवाजाच्या, बाया हसल्या. विजय हसला नाही. म्हणाला, ऑर्गनच अर्धा सूर खाली वाजवा. म्हणजे जवळजवळ सगळं काळ्या पट्ट्यांवर, या आखडलेल्या बोटांनी. मी साफ नाही म्हटलं. मग वाजवूच नका, सुरुवातीचा सूर तेवढा द्या, असं ठरवून तो मोकळा झाला.

शवपेटी आली. ती बघून विजयचा हात सकाळपेक्षाही जड झाला. पहिल्याच ओळीत सॉप्रानो, वरच्या आवाजाच्या बाया, खाली जायला लागल्या. पुढच्या बाकावर शैलाने मान खाली घातली.

माझं डोकं फिरलं. मी पहिल्या पानापासूनच वाजवायला लागले, सरांच्या लयीत. विजयने थांबा म्हणून तळहात दाखवला. मी नोटेशनकडे बघत राहिले. बाया माझ्यामागे आल्या, पुरुष विजयबरोबर राहिले. दोन-तीन ओळी गांधीबागेच्या बाजारात भाव चालल्यासारखा गलका झाला. मग पुरुष आले. सगळ्यात शेवटी विजयचा हात आला. दुसरं पान सरळ गेलं. सुंदर म्हणणार नाही, सरळ.

बाहेर शैला माझ्याजवळ आली.

"मावशी, पप्पांनी सगळ्यांले झापलं असतं."

"मालूम आहे मले."

"पण ओळखलं असतं, आपलंच गाणं आहे म्हणून."

विजयने त्यानंतर मला कुठल्याच दफनाला वाजवायला बोलावलं नाही. आता माझ्या जागी कीबोर्डवाला आहे. तो विजयच्या हाताकडे बघून वाजवतो आणि गाणी पाहिजे तेवढी हळू होतात. कॉयरमध्ये नवीन कुणी भेटलं तर मी एवढंच सांगते: रडायचं असेल तर गाणं झाल्यावर रडा. एक श्वास दोन्ही कामांना पुरत नाही.