पाहुण्याच्या हातात पाना

मशीन चालत होतं. विचाईने हात लावला की बंद पडत होतं. तो चार पावलं मागे सरला की पुन्हा चालू.

हे मला फोनवर सांगितलं विद्या परब यांनी. कुणकेश्वरच्या अलीकडच्या एका गावात त्यांचा आंब्याच्या रसाचा कारखाना आहे. पाऊचमध्ये रस भरून तोंड सील करणारं मशीन त्यांनी थायलंडहून आणलं होतं. त्यांचा ऑपरेटर ते चालवायचा, पण दहातले तीन पाऊच गळायचे. सेटिंगसाठी कंपनीने विचाई नावाचा टेक्निशियन पाठवला होता. इकडे शेडमध्ये आसपासच्या बागायतदारांचा हापूस पिकत होता. दोन दिवसांत मशीन सुधारलं नाही तर सगळा माल फेकावा लागणार, आणि पुढच्या सीझनला विद्याताईंच्या दारात कुणी एक पेटी उतरवणार नाही.

"भाऊ, तुमच्या कागदात काय चूक नाय ना? कंपनीनं तिकडून लॉक तर नाय केलंय?" त्यांनी विचारलं.

माझा व्यवसाय कागदांचाच. कुडाळला माझं छोटं ऑफिस आहे. आयात-निर्यात आणि परदेशातून कामाला येणाऱ्या माणसांचे परवाने बघतो. आग्नेय आशियातल्या देशांशी आपला व्यापार करार आहे. त्यात मालाबरोबर माणसांच्या तात्पुरत्या प्रवेशाचीही सोय आहे. तात्पुरता म्हणजे नोकरीसाठी नाही, राहण्यासाठी नाही, सांगितलेल्या कामापुरता. माणूस कशासाठी येतो यावर सगळं ठरतं. बिझनेस व्हिजिटरने बैठका घ्याव्यात, कारखाना बघावा, जेवावं. त्याने पाना उचलायचा नाही. पाना उचलणाऱ्याचा अर्ज वेगळा असतो. कंपनीने विचाईला व्हिजिटर म्हणूनच पाठवायचं ठरवलं होतं, सोपं पडतं म्हणून. मी भांडून अर्ज बदलायला लावला होता. त्यामुळे कागदात चूक नाही, हे मला माहीत होतं. तरी फाइल घेऊन निघालो.

पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. ऑपरेटर मशीन रिकामंच चालू ठेवून जेवायला गेला होता. हॉलमध्ये मी, विद्याताई आणि विचाई. मशीनच्या पायाशी तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा.

"हे कोणी ठेवलं?"

विद्याताई हळू आवाजात म्हणाल्या, "रोज सकाळी आसता. कुलूप मीच काढतंय. चावी माझ्या कमरेक."

विचाईला वाटत होतं, ही इथली रीत असेल. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ओल्ड मॅन व्हेरी काइंड. बट ही टेक्स माय स्पॅनर."

"कोण ओल्ड मॅन?"

खांद्यावर कांबळं, हातात काठी. रागावत नाही. पाना हातातून काढून घेतो आणि टेबलावर ठेवतो. हात फार गार आहेत, म्हणाला.

मी म्हटलं, आता लाव हात. त्याने पाना नटावर बसवला. मशीन थांबलं. मी फक्त त्याच्या हाताकडे बघत होतो. त्याची बोटं एकेक करून उघडली. माणूस आपली मूठ सोडतो तशी नाही. झोपलेल्या मुलाच्या मुठीतून आपण खेळणं काढून घेतो, तशी. पाना खाली पडला नाही. टेबलावर गेला, आवाज न करता.

विद्याताईंनी पदर तोंडावर धरला. मी फाइल छातीशी धरून उभा होतो, हे मला नंतर कळलं.

कारखान्याच्या कुंपणात सातविणीच्या झाडाखाली गावच्या राखणदाराची, म्हणजे कांबळं-काठी घेऊन सीमा राखणाऱ्या देवाची, जागा आहे. परका माणूस आला की तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाला सांगतात, हा अमुक, अमुक कारणासाठी आलाय, सांभाळ. तो मान आबा घाडींचा. मी त्यांना बोलावलं.

"आबा, ह्याच्यासाठी काय सांगितलं होतंत?"

"काय सांगतलंय? पावणो इलो हा, तेका सांभाळ, तेका कसले कष्ट पडू देव नको."

माझ्या लक्षात आलं. पाहुणा म्हणजे व्हिजिटर. जो अर्ज मी कंपनीला बदलायला लावला होता, तोच इथे मंजूर झाला होता.

"आबा, तो पाहुणा नाही. कामाला आलाय."

"परमुलखातलो माणूस, विमानान इलो. तेका गडी म्हणू? गावात तोंड दाखवूक जागा ऱ्हवाची नाय माका!"

"परत गाऱ्हाणा घाला हो आबानु," विद्याताई म्हणाल्या. "आंबे कुजतले तेव्हा खंय दाखवशात तोंड?"

विचाईला समजावून सांगायला वेळ लागेल असं वाटलं होतं. त्याने ऐकलं, मान हलवली, बूट काढले. त्यांच्याकडेही जमिनीच्या कोपऱ्यात राखणदाराचं छोटं घर असतं, म्हणाला. त्याने टूलबॉक्स सातविणीखाली नेऊन उघडून ठेवला.

आबांनी नारळ ठेवला. "बा राखणदारा म्हाराजा! मागे पावणो म्हटलंय ती माझी चूक. ह्यो गडी. मशीनच्या कामाक इलो हा, हात काळे करतलो. काम झाला की आपल्या मुलखाक जातलो. तवसर हेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं. विचाईनेही म्हटलं.

संध्याकाळपर्यंत त्याने सेटिंग केलं. कोणी पाना काढून घेतला नाही. रात्रपाळीला रस भरायला सुरुवात झाली, एकही पाऊच गळला नाही. मध्यरात्रीनंतर काम थांबवून विद्याताईंनी कुलूप लावलं, मी त्यांच्याकडेच राहिलो.

सकाळी त्यांनी कुलूप काढलं. पाहुण्याचं गूळ-पाणी नव्हतं. मशीनजवळ विचाईचे पाने पुसून, लहानमोठे लावून ठेवले होते. शेजारी वाडग्यात पेज, वर लोणच्याची फोड. आमच्याकडे कामावरच्या गड्याला सकाळी पेजच देतात. वाडगा अजून गरम होता.

विचाईने बसून पेज प्यायली. मग म्हणाला, काम झालं, मुदत अजून आठवडाभर आहे, तारकर्लीला जाऊन समुद्र बघतो.

मी गाडी मागवली आणि त्याला थेट विमानतळावर नेऊन सोडलं. परवान्यात दिवस शिल्लक होते. आबांच्या गाऱ्हाण्यात नव्हते.

हल्ली अर्ज भरताना मी कारणाचा रकाना दोनदा वाचतो. अर्ज कोण वाचणार आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.