केरूच्या विहिरीतला ओंडका

केरू चाळीस वर्षं विहिरी खणत आला आणि तेवढीच वर्षं माणसांशी भांडत आला. हातखंब्याच्या आसपास त्याने खणलेली विहीर नाही अशी वाडी नाही, आणि त्याला आपणहून चहा विचारणारं घरही नाही.

गेल्या मार्चात त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी विहीर खणली. पंचवीस फूट जांभा कातळ फोडला, तेव्हा खाली निळसर चिकणमाती लागली आणि तिच्यात आडवा पडलेला काळाकुट्ट ओंडका. साल शाबूत. त्याच्या खाली पाणी.

पाण्यामागोमाग गुरुप्रसाद आला, देवस्थान समितीचा अध्यक्ष. "देवी ज्या गलबतातून आली त्याची डोलकाठी ही! जागा आता देवीची. कुंपण घालू."

"सड्यावर, या उंच कातळाच्या माळावर गलबत? देवीची वाट चुकली काय, मेल्या?" केरू म्हणाला.

शास्त्राचा शिक्का बसला की केरूचं तोंड बंद, म्हणून समितीनेच खडकांचं वय काढणाऱ्या ज्ञानेश्वरीमॅडमना बोलावलं. त्यांनी तुकडा नेला आणि दोन महिन्यांनी भर सभेत सांगितलं, "लाकडात एक खास कार्बन असतो. झाड मेलं की तो घटत जातो. किती उरला त्यावरून वय कळतं. यात काहीच उरलेलं नाही."

गुरुप्रसादने टाळ्या वाजवल्या, सभेनेही. "बघा! विज्ञानाने हात टेकले!"

काहीच न उरणं म्हणजे पन्नास हजार वर्षांहून जुनं, मातीतले परागकण तपासले तर आकडा लाखांत, कदाचित कोटींत जाईल, असं मॅडम सांगत राहिल्या. टाळ्यांत ऐकतो कोण? सकाळी खांब आणि तारा घेतलेल्या माणसांसह गुरुप्रसाद विहिरीवर हजर.

"घाल कुंपण," केरू म्हणाला. "आधी खाली उतर. वरचा कातळ अखंड होता, या हातांनी फोडलाय. काठी मागाहून आत गेली असेल तर कातळात कुठेतरी भोक, जोड, भर दिसेल. दाखव आणि विहीर घे. नाही दिसलं, तर कातळ व्हायच्या आधीचा ओंडका तो. तेव्हा गलबत बांधायला माणूसच नव्हता."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? गुरुप्रसाद दोराने विहिरीत सोडायच्या पाळण्यात बसला. केरूने दोर सोडत सोडत त्याला वीस फुटांवर लटकवला.

"दिसला जोड?"

"काढ वर!"

"दिसला काय?"

"नाही रे, मेल्या! काढ!"

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू येत नाही."

केरूने त्याला तीनदा 'नाही' ओरडायला लावलं. खांबवाल्यांनी खांब खांद्यावर टाकले आणि वाट धरली. केरूने दोर झाडाला बांधला, निवांत बिडी पेटवली आणि खालून येणाऱ्या शिव्या ऐकत बसला.