मामींचा लाल आकडा

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात माझं काम म्हणजे पगार घेऊन संशय घेणं. कोण कधी लॉगिन करतं, कुठल्या फायली उचलतं, यावर एक सॉफ्टवेअर नजर ठेवतं. कुणी आपल्या गेल्या तीन महिन्यांच्या सवयीबाहेर वागलं की त्याचा धोक्याचा आकडा चढतो. आकडा लाल झाला की पुढचं मी बघायचं.

डिसेंबरातल्या एका सकाळी लाल आकडा निघाला तो मामींचा. मामी म्हणजे कागदपत्रांच्या विभागातल्या सगळ्यात जुन्या बाई, घरी तंजावरची मराठी बोलणाऱ्या. मी साताऱ्याहून नवी आले तेव्हा या तमिळ शहरात माझ्याशी मराठीत बोललेलं पहिलं माणूस. पंधरा दिवसांनी त्या निवृत्त होणार होत्या. आणि आठवडाभर त्या पहाटे साडेपाचला वेस्ट मांबलमच्या घरून लॉगिन करून ढीगभर फायली कॉपी करत होत्या. नोकरी सोडताना चोरी करणारे असंच वागतात, हे मला शिकवलेलं होतं.

बारापर्यंत कारण सापडलं नाही तर त्यांचं खातं बंद, चौकशी सुरू, आणि निरोप समारंभाऐवजी जबाब. नियमाप्रमाणे त्यांना विचारायचीही सोय नव्हती. मला रडू येत होतं, आणि मामींचा रागही. या वयात सुखानं झोपायला काय झालं होतं?

त्यांच्या साहेबांना फोन केला. आपल्या जागी येणाऱ्या माणसासाठी फायली एका फोल्डरात लावून ठेवा, असं त्यांनीच मामींना सांगितलं होतं. पण पहाटे का? साहेब हसायलाच लागले. मार्गळी लागलीय, म्हणाले. त्या महिन्यात इथली माणसं चारला उठतात, दारात रांगोळीचं कोलम काढतात, देवळात जाऊन येतात. मी मागच्या वर्षीच्या नोंदी उघडल्या. त्याच महिन्यात, रोज साडेपाच. त्याआधीच्या वर्षीही तेच. तीन महिन्यांपलीकडचं न आठवणाऱ्या सॉफ्टवेअरला मार्गळी कुठून कळणार? माझा जीव भांड्यात पडला.

लाल आकड्याची नोंद बंद केली तेव्हा कुठे टेबलावरचा स्टीलचा डबा दिसला. देवळातलं पोंगल. मामी आठवडाभर रोज सकाळी तो आणून ठेवत होत्या आणि मी चाटूनपुसून खात होते. हा प्रसाद आणायला बाई उठते कधी, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात मामी डबा न्यायला आल्या.

"खाल्लं नाहीस? निवलं की, मा."

मी त्यांच्यासमोर उभ्यानंच सगळं संपवलं. त्या सकाळचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.