वन्सं आणि दुसरा चेंडू

माझ्या नणंदेचा कुणावरही विश्वास नाही. वन्सं नोकरीत असताना बाजारातले तराजू तपासायच्या. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, असलं इतकं पाहिलं की नोकरी संपली तरी नजर निवृत्त झाली नाही. दूधवाल्याने हसून विचारपूस केली की पुटपुटतात, "आज एवढा गोड का बोलतोय मेला?" मला वैताग येतो. पण त्या संध्याकाळचं सांगते.

माझी नात शाळेच्या रोबोट-स्पर्धेत होती आणि दुसऱ्या दिवशी सामना होता. खुर्च्या भिंतीला सारून, हातात रिमोट घेऊन तिचा बैठकीतच सराव चालला होता. रोबोटने चेंडू उचलून टोपलीत टाकायचे, पण एका वेळी एकच धरायचा. वाटेतला दुसरा ढकलला तर चालतं. दोन धरले की गुण जातात. पुन्हा धरले तर अख्खी टीम बाहेर.

वन्सं पेपर वाचत होत्या. म्हणजे वाचत नव्हत्या.

"काय गं, तो दुसरा चेंडू पाठ का सोडत नाहीये?"

"ढकलतोय आत्याआजी. धरलेला नाही काही!"

"सरळ जाताना ढकलतेस, मान्य. वळलीस की तो बाजूला पळायला हवा. हा तुझ्याबरोबर वळतोय. थांबव ते."

गुडघा धरत वन्सं खाली बसल्या आणि रोबोटच्या पुढची पत्र्याची पट्टी बोटांनी चाचपली. पट्टी आत वाकलेली, पसरट ताटलीच्या काठासारखी.

"हे काय?"

"काल भिंतीला धडकला."

"आणि दोन्ही टोकांना अगदी सारखा मार बसला? शहाणी भिंत दिसते."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो वन्सं, पोरांचा खेळ आहे."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका."

नातीला रडू फुटलं. "मीच वाकवली. पकडीत धरला तरच धरला, असं वाटलं होतं मला. नियम नंतर नीट वाचला. वळताना सोबत आला तरी धरलाच म्हणतात. पण तोवर आम्ही सगळे सराव जिंकत होतो... मैत्रिणींना कसं सांगू? सरळ केली तर हरू आम्ही."

"मग हरा. तिथे पंच असेल ना? माझ्यासारखंच कुणीतरी खवट."

नातीने नाक पुसलं, मैत्रिणींना फोन लावला आणि हातोडी मागितली.

सामन्यात पंच खरंच दोनदा वाकून आमच्या रोबोटपाशी थांबला. दोन्ही वेळा चेंडू वळणावर निसटला आणि पंच गुण न कापता पुढे गेला. एका चेंडूने हरल्या पोरी.

नात पाय आपटत वर प्रेक्षकांत आमच्याकडे आली. "झालं समाधान?"

"वळताना घाबरतेस तू. पट्टीला बोल लावू नकोस."

"आणि त्यांचा रोबोट?"

"पाहिला मी. स्वच्छ आहे."

नातीने डोळे बारीक करून वन्संकडे पाहिलं, मग जिंकलेल्यांकडे पाहिलं, आणि स्वतःच तपासायला खाली गेली.